बटाटे नसलेल्या शेतातली मिंगा

नोल्फा गिनेओ माझी कोमाद्रे. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी त्याला हातात धरलं होतं, म्हणून हे नातं. आमच्याकडे ते सख्ख्या बहिणीच्या वरचं मानतात. मानतात म्हणे! मी ते चार वर्षं कसं निभावलं हे ऐकलंत तर मला दारात उभं करणार नाही तुम्ही. तरी सांगते, कारण माझी लाज झाकून नोल्फाबद्दल सांगताच येत नाही.

आमचं बेट लहान. आचाओ बंदराहून बोटीने दीड तास, आणि वारा उलटा असेल तर देवावर हवाला. टेकडीवर नोल्फाचं घर, खाली ओढ्यापाशी माझं. तरुणपणी ओहोटीला शिंपले उकरायला उतरलो की हिची टोपली दुपारच्या आत दोनदा भरायची. माझी एकदा भरत आली की ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "एरिता, शिंपले काढतेयस की त्यांच्याशी गप्पा मारतेयस?" आणि हसायची अशी की पलीकडच्या खाडीतल्या माणसाने मान वर करावी. नवरा मेंढ्या कातरायला अर्जेंटिनात गेला आणि तिकडेच रमला, तेव्हाही आठवडाभर रडली आणि मग म्हणाली, "एक ताट कमी घासायचं." मुलगा मोठा होऊन मासळीच्या कारखान्यात लागला, दक्षिणेला. घरात राहिल्या दोघी, ती आणि तिची आई, तिची मामिता.

आई म्हणजे सिक्स्ता; मानाने सगळे 'दोन्या' सिक्स्ता म्हणायचे. ही बाई एके काळी साऱ्या बेटाची यजमानीण. आमच्याकडे एकट्याने न उरकणारं काम मिंगेने होतं. ज्याचं काम आहे त्याने घरोघरी जाऊन विनवायचं, ज्याला विनवलं त्याने यायचं, आणि त्या दिवशी यजमानाने सगळ्यांना पोटभर घालायचं. विनवलेल्याने नाही म्हणायचं नसतं. आणि न विनवता कुणी जायचं नसतं. न विनवता जाणं म्हणजे 'तुझ्याच्याने होत नाही' असं तोंडावर म्हणणं. दोन्या सिक्स्तांच्या बटाट्याच्या मिंगेला पूर्वी तीस-तीस माणसं असायची. त्यांच्या हातचे मिल्काओ, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या चरबी घातलेल्या जाड भाकऱ्या, मी अजून कुणाकडे तशा खाल्लेल्या नाहीत.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चमचे हरवायला लागले. मग माणसांची नावं. मग नोल्फाच हरवली. म्हणजे ती समोर असायची, पण मुलगी म्हणून नाही. कधी मोलकरीण, कधी शेजारीण, कधी 'ही बाई माझे कपडे का ओढतेय' म्हणून आरडाओरडा. नोल्फाने दाराला मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधली, आई बाहेर पडली तर कळावं म्हणून. शेत पडीक टाकलं. शिंपल्यांना येणं बंद केलं. रविवारी चर्चला येणं बंद केलं. दूरच्या पुंता आरेनास शहरातून तिचा भाऊ दर रविवारी फोन करायचा, "तिला वृद्धाश्रमात ठेव, मी बघतो काय ते." नोल्फा म्हणायची, "तू तुझ्या सासूला ठेव आधी," आणि फोन आपटायची.

आणि आम्ही? आम्ही तिच्या धुराड्याकडे बघायचो. धूर येतोय ना, मग ठीक आहे. मी कधी परातभर पाव पाठवायची, तर दुसऱ्या दिवशी परात चीज भरून परत. मासे पाठवले तर अंडी परत. देणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच ठेवायची नाही ती. मला राग यायचा. मी नवऱ्याला, ओनोफ्रेला म्हणायची, "तिला कुणाचं काही नको आहे, तर राहू दे तशीच." तो म्हणायचा, "विचारेल तेव्हा जाऊ." तिने विचारायची वाट आम्ही बघत होतो, आणि ती कुणाला दिसतंय का याची. चार वर्षं!

एक गोष्ट मला पुढे कळली, पण तुम्हाला आताच सांगते. नोल्फाच्या पित्ताशयात खडे होते. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे काढलंच पाहिजे, आमच्या देशात या दुखण्याकडे दुर्लक्ष करून फार बायका कर्करोगाने गेल्यात, आणि खड्यांजवळ दिसणारी ही गाठ मला आवडलेली नाही. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा आली, दोनदा हिने जाऊ दिली. आईला कुणाकडे ठेवणार? तिसरी तारीख होती एकवीस एप्रिल. तीही हुकली तर परत रांगेच्या शेवटी, एक वर्ष किंवा दीड. तिने ते पत्र पवित्र मातेच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं होतं. जाणार नव्हतीच ती.

एप्रिलचा पहिला आठवडा, सगळीकडे बटाटे काढायची गडबड. मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर फाटकाशी दोन्या सिक्स्ता उभ्या. काळी शाल, चर्चला जायचे बूट, उलटे घातलेले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, टेकडी उतरून एकटी!

"दोन्या सिक्स्ता, नोल्फा कुठाय?"

"कोण?" त्या म्हणाल्या. "आत बोलावतेस की इथेच कोंबड्यांत बसवतेस, क्लोरिंदा?"

क्लोरिंदा म्हणजे माझी सासू. जाऊन तेरा वर्षं झाली तिला. मी त्यांना आत घेतलं, चुलीजवळच्या बाकावर बसवलं, माते, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, त्याचा पेला भरून दिला. त्या सावकाश प्यायल्या. पावसाबद्दल बोलल्या, डुकरांबद्दल बोलल्या. मग पेला खाली ठेवला, शाल सारखी केली आणि अगदी पूर्वीसारख्या, शब्दन् शब्द म्हणाल्या, "दोन्या क्लोरिंदा, मी तुमच्या दारी विनवायला आलेय. शनिवारी माझे बटाटे काढायचेत. माझ्याच्याने एकटीने होत नाही. देवासाठी आणि शेजारासाठी, माणूस पाठवा."

मी म्हणाले, "येऊ, दोन्या सिक्स्ता."

"तूच ये. आणि कुदळीला धार लावून आण. मागच्या खेपेला अर्धे बटाटे कापलेस माझे."

मी त्यांना हाताला धरून वर पोचवायला निघाले, तर वाटेत कळलं की माझं सहावं घर. बाई सकाळपासून सहा घरं फिरून आली होती! त्यांच्या दारात पाऊल ठेवलं तर नोल्फा स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, चेहरा मेणासारखा. कळ आली होती, सकाळपासून उठता आलं नव्हतं. घंटा वाजलेली ऐकली, पण उठता आलं नाही, एवढंच ती सांगू शकली. मी धावले तर हात झटकला.

"काही नाही, रात्रीचं मटण बाधलंय. मामिता सापडली ना? झालं तर मग. जा तू, कोमाद्रे, तुझी कामं पडली असतील."

आणि मी गेले. हो, गेले! इतकं बघूनही गेले, कारण तिने जा म्हटलं होतं आणि मला विनवलं तिने नव्हतं, तिच्या आईने विनवलं होतं. बटाट्यांसाठी.

संध्याकाळपर्यंत सहाही घरांत एकच विषय. शेतात बटाटे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. रस्त्याला लागून ते शेत, चार वर्षांत त्यात गुडघाभर झुडपं माजलेली. पण विनवणी झाली होती ना! सगळं बेट ज्यांना तिओ, म्हणजे काका, म्हणतं ते म्हातारे बाउदिलियो माझ्या चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "एरिता, मला एकसष्ट वर्षांत कुणाच्या विनवणीला नाही म्हणता आलेलं नाही. मी बैल घेऊन जाणार."

"कशाला नांगरणार, झुडपं?"

"ते तिथे गेल्यावर बघू. बोलावणं आलंय ना? चार वर्षं आलं नव्हतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यासारखेच सगळे त्या धुराड्याकडे बघत होते.

शनिवारी सकाळी आम्ही अकरा जण नोल्फाच्या दारात. खांद्यावर कुदळी, तिओ बाउदिलियोंचे बैल. मी माझी कुदळ खरंच धार लावून नेली होती. नोल्फाने दार उघडलं, हात साबणाने भरलेले. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," तिओ म्हणाले. "बटाटे काढायला आलोय. विनवलंय आम्हाला."

"कुठले बटाटे, तिओ? चार वर्षं लावलेत कुठे मी?"

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत आमचे."

तिला हळूहळू उमगलं. आधी मानेपासून कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली, "माफ करा. तिला कळत नाही. तुमचा दिवस फुकट गेला." आणि मग खरी लाज बाहेर आली, "माझ्याकडे तुम्हाला खायला घालायला काही नाहीये." मिंगेला आलेली माणसं उपाशी परत पाठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ती दार लावायला लागली.

माझा स्वभाव ओनोफ्रेला विचारा. दारात पाय घातला मी. "कोमाद्रे, हे बघ. अकरा माणसं कुदळी घेऊन टेकडी चढून आलीत. काम केल्याशिवाय एकही खाली उतरणार नाही. आणि जेवण आम्ही आणलंय, तेव्हा तीही सबब नको सांगूस. काम सांग."

"काम नाहीये."

"काम सांग!"

आतून दोन्या सिक्स्ता ओरडत होत्या, माणसं आली का, आग पेटवा. नोल्फाने एकदा आत बघितलं, एकदा आमच्याकडे. मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "मला झोपायचंय."

कुणी हसलं नाही. मी तिच्या हातावरचा साबण माझ्या एप्रनला पुसला, तिला तिच्या खोलीत नेलं, बूट काढले. घोंगडी ओढेपर्यंत झोपली होती. चारपर्यंत उठली नाही.

बाहेर जे चाललं ते बघायला ती जागी असती तर मेली असती लाजेने. ओनोफ्रेने लाकडं फोडून भिंतीला थप्पी लावली. बायकांनी घोंगड्या धुतल्या. आणि दोन्या सिक्स्ता अंगणात स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, "ते बैल कशाला आणलेत, शोभेला?" म्हणून तिओंनी खरंच शेत नांगरायला घेतलं. झुडपं उपटली, माती उलटली. दुपारी त्या विचारायला लागल्या, "बटाटे कुठेत? एवढी माणसं काय उकरतायत?" त्यांचा चेहरा रडवेला झाला. ओनोफ्रे खाली घरी गेला आणि आमच्या कोठारातली दोन पोती पाठीवर टाकून आणली, मागल्या वाटेने. शेतात ओतली. आम्ही अकरा जणांनी ते बटाटे वेचून परत पोत्यांत भरले. दोन्या सिक्स्ता म्हणाल्या, "यंदा पीक बरं आलंय, पण क्लोरिंदा अजून कापतेच."

चार वाजता नोल्फा उठली. चेहऱ्यावर उशीच्या वळ्या, केस विस्कटलेले. स्वयंपाकघरात येऊन बघते तर सगळे चुलीभोवती मिल्काओ खात बसलेले आणि आई मध्ये, गालाला चरबी लागलेली, खुशीत. ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्या वेळी तिच्या मनात काय झालं देव जाणे, पण ती तसबिरीपाशी गेली, मागचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि मग मला जो राग आला! "गाढवे! दोनदा जाऊ दिलीस? मरायचंय तुला?"

"कुणाला सांगणार होते मी?"

"मला! मी कोण आहे तुझी?"

"तू कधी विचारलंस?"

मी पत्राची घडी घालायला लागले.

तिओ बाउदिलियोंनी मातेचा पेला खाली ठेवला. "नोल्फा," ते म्हणाले, "सहाही घरं इथेच बसलीत. तुला टेकडी उतरायची गरज नाही. पण विनवायला तुलाच लागेल, पोरी. आईने बटाट्यांसाठी विनवलं, ते आज झालं."

ती सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली. ओल्या शेतातून चालावं तशी एकेका शब्दाला अडत गेली. "मी तुमच्या... मी विनवते. एकवीस तारखेपासून दहा दिवस. माझी आई सांभाळायची आहे. माझ्याच्याने..." इथे ती थांबली. शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं तिने. "माझ्याच्याने एकटीने होत नाही."

सहाही घरांतून एकदमच हो आलं. मी सगळ्यात मोठ्यांदा म्हणाले असेन, कारण ओनोफ्रेने माझ्याकडे वळून बघितलं.

बटाट्यांची मिंगा, आख्खं घर बैलांनी ओढून हलवायची मिंगा, हे सगळं आमच्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. म्हातारं माणूस सांभाळायची मिंगा कुणी कधी केली नव्हती. का केली नव्हती, हे मी अजून स्वतःला विचारते. दिवस वाटून घेतले. माझे तीन. पहिल्याच दिवशी, आठच तासांत मला कळलं की नोल्फा चार वर्षं काय करत होती. तोच प्रश्न साठ वेळा. घातलेला कपडा काढून टाकायचा, तो परत घालायचा. भरवलेला घास थुंकून वर तुलाच शिवी. दुपारी मी इतक्या जोरात ओरडले की त्या घाबरून कोपऱ्यात सरकल्या. मग मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन बसले आणि रडले, त्यांच्यासाठी कमी आणि माझ्या कोमाद्रेसाठी जास्त. संध्याकाळी बदलीवर आलेल्या बाईला मी पहिलं काय सांगितलं असेल तर, "ओरडलीस तर ओरड, पण मग लगेच बाहेर ये आणि मला हाक मार." नंतरही आमचा तोच नियम राहिला.

ती मिंगा त्या दहा दिवसांवर थांबली नाही. दर बुधवारी आणि शनिवारी कुणीतरी टेकडी चढायचंच, दोन्या सिक्स्ता होत्या तोवर, म्हणजे पुढची तीन वर्षं. नोल्फा पुन्हा शिंपल्यांना उतरायला लागली आणि पुन्हा मला टोमणे मारायला लागली. गेल्या वर्षी ओनोफ्रेला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी शाल पांघरली आणि सहा घरं फिरले. चार वर्षं थांबले नाही. ती वाट नोल्फाने पाडून ठेवली होती, आपला जीव आणि आपली लाज दोन्ही पणाला लावून. आज ओनोफ्रे व्हरांड्यात उन्हाला बसलाय आणि मी हे सांगायला मोकळी आहे, ते तिच्यामुळे. मी तिचे आभार मानले की ती म्हणते, "गप्प बस, म्हातारे." पण मी मानते. मानणारच.

आता ती परत आली तो दिवस. एक मे. गाठ साधी निघाली होती, हे तिने कास्त्रोहून आधीच कळवलं होतं, आणि तिओंनी त्या आनंदात एक मेंढी कापली. अकराच्या अकरा जण नोल्फाच्या स्वयंपाकघरात, मोठं पातेलं चुलीवर. ती दारातून आली पोटावर हात धरून, पाच किलो तरी उतरलेली. सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि सवयीने सरळ चुलीकडे गेली, पातेलं उतरवायला.

"हात लावशील तर बघ!" मी ओरडले. "डॉक्टरांनी उचलायचं नाही सांगितलंय!"

दोन्या सिक्स्ता चुलीशेजारी डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या लेखी अजून तीच मिंगा चालू होती. मिंगा संपली की यजमानीण पहिलं ताट स्वतःच्या हाताने वाढते, सगळ्यात जास्त राबलेल्या माणसाला. त्या डाव धरून एकेकाकडे बघत होत्या. तिओंवरून नजर गेली, माझ्यावरून गेली. मग नोल्फावर थांबली.

"ए बाई," त्या म्हणाल्या. "तू बस."

"मामिता, मी नोल्फा."

"असशील." त्यांनी ताटात मटण घातलं, मग बटाटा, मग वरून रस्सा, थेंबही न सांडता. "मी बघत होते तुला. सकाळी तूच, दुपारी तूच. मला अंघोळ घालायला तू, चूल पेटवायला तू. कधी बसलेली दिसली नाहीस. या सगळ्यांनी मिळून केलं नाही तेवढं तू एकटीने केलंस." ताट त्यांनी तिच्यासमोर ठेवलं आणि तिच्या खांद्यावर हात दाबून तिला बाकावर बसवलं. "गरम आहे, फुंकून खा. आणि घरी गेलीस की तुझ्या आईला सांग, सिक्स्ताने निरोप दिलाय. म्हणावं, मुलगी चांगली वाढवलीस."



"सांगते," नोल्फा म्हणाली, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली.